वाशिष्ठीचं मीठ

मे महिना संपत आला की कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात. डोहांत तेवढं हिरवट पाणी उरतं, बाकी पात्रात गोटे तापत पडलेले असतात. शास्त्री घ्या, काजळी घ्या, चित्र तेच. चिपळूणजवळची वाशिष्ठी मात्र भर उन्हाळ्यात वाहत असते. नवख्या माणसाला तिचं फार कौतुक वाटतं. कोकणात बारमाही नदी! काठावरच्या कुणालाही विचारलं तर तो एका शब्दात कारण सांगतो : अवजल.

अवजल म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडून दिलेलं पाणी. ते मुळात वाशिष्ठीचं नाहीच. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या पूर्व अंगानं दक्षिणेकडे येते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या पाण्याची वाट बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरण बांधून, डोंगराच्या पोटातून बोगदे काढून ते पाणी पश्चिमेला पोफळीच्या बाजूला उतरवलं गेलं. १९६२ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली, पुढे टप्पे वाढत गेले आणि आज प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. एवढं पाणी वर्षभर सारखं वाटलं, तर सेकंदाला सुमारे ६० हजार लिटर होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, दर सेकंदाला, रात्रंदिवस.

प्रत्यक्षात ते सारखं वाटून येत नाही. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतो, म्हणून विजेची मागणी चढते त्या वेळी तो चालवतात. राज्यात संध्याकाळी दिवे लागले की कोयनेचं पाणी उतरतं आणि वाशिष्ठीची पातळी चढते. चिपळूण शहर आणि आसपासच्या औद्योगिक वसाहती याच पाण्यावर जगतात. कोयनेची वीज थांबली की चिपळूणच्या नळांची चिंता सुरू होते.

अवजलाचा विचार बहुतेकदा इथेच थांबतो. पण नदी चिपळूणला संपत नाही. शहराला लागून असलेल्या गोवळकोटपासून पुढे ती हळूहळू खाडी होते आणि चाळीसेक किलोमीटरांचा वळणावळणाचा प्रवास करून दाभोळ-अंजनवेलच्या मधून समुद्राला मिळते. एके काळी गलबतं भरतीवर स्वार होऊन थेट गोवळकोटच्या बंदराला लागत. दाभोळ तर बहामनी काळातलं मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन हिंदुस्थान सोडताना इथूनच जहाजात बसला. आज खाडीच्या वरच्या टप्प्यात पर्यटकांना होडीतून मगरी दाखवतात. या मगरी मूळच्या गोड्या पाण्यातल्या. त्यांच्याच पाण्यात खालून समुद्राची भरती येते, हे खाडीचं वेगळेपण.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नाहीतच. या दोन टोकांमधलं प्रत्येक प्रमाण खाडीत कुठे ना कुठे सापडतं. शिवाय ते प्रमाण एका जागी ठरत नाही. दिवसातून दोनदा भरती ते वर ढकलते, दोनदा ओहोटी खाली ओढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही सरकासरक मोठी असते, अष्टमीच्या भांगात लहान. या सगळ्याच्या वर ऋतूंचं एक मोठं चक्र असतं. पावसाळ्यात पुराचं गोडं पाणी मुखापर्यंत पसरतं. ते हलकं म्हणून वर राहतं आणि जड खारं पाणी तळाशी पाचरीसारखं आत घुसलेलं असतं. पाऊस थांबला की खार हळूहळू वर चढू लागते, आणि एप्रिल-मे मध्ये नदी आटली की ती सर्वांत आत पोचते. कोकणातल्या खाड्यांनी हजारो वर्षं हाच क्रम पाळलेला आहे : चार महिने गोडं, मग आठ महिने चढत जाणारं मीठ.

खाडीतला प्रत्येक जीव या क्रमावर आपलं आयुष्य बेतून बसला आहे. जिताडा घ्या. रायगडात लग्नकार्यापासून पाहुणचारापर्यंत मान असलेला हा मासा गोड्या पाण्यात वाढू शकतो, पण त्याची अंडी गोड्या पाण्यात तगत नाहीत. प्रजननासाठी त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातच यावं लागतं. पिल्लं मग भरतीबरोबर आत शिरतात, खाजणातल्या चिखलात आणि कांदळाच्या मुळांत वाढतात. त्यातही गंमत अशी की जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे मोठे मासे तेवढे वेचून मारले की पुढच्या पिढीची आईच जाते. कोळंबीचा प्रवास उलट्या अंगानं होतो. मोठी कोळंबी समुद्रात अंडी घालते, तिची नखाएवढी पिल्लं खाडीत येऊन काही महिने वाढतात आणि परत समुद्रात जातात. हर्णै किंवा दाभोळच्या बंदरात उतरणाऱ्या कोळंबीतली कित्येक कधीतरी एखाद्या खाडीच्या चिखलात लहानाची मोठी झालेली असते. खोल समुद्रात जाळं टाकणारा खलाशीसुद्धा त्या अर्थानं खाडीवरच जगतो.

तिसऱ्या आणि कालवं यांना तर पळायची सोयच नाही. कालव एकदा खडकाला चिकटलं की तिथेच आयुष्य काढतं. पुराचं गोडं पाणी आलं की शिंपा मिटून घ्यायचा आणि खार परत येईपर्यंत दम धरायचा, एवढंच त्याच्या हातात. हा दम काही दिवसांचा असतो. गोडं पाणी रेंगाळत राहिलं तर कालव मरतं. पुष्कळ शिंपल्यांची वीण पाण्यातल्या क्षारांच्या चढउतारावर अवलंबून असते, कारण पावसाळा आला-गेला याची खूण त्यांना तिथूनच मिळते.

आता या घड्याळात अवजल घालून पाहा. उन्हाळ्यात, खार सर्वांत आत चढायची त्या दिवसांत, वरून गोडं पाणी रेटत राहतं. त्यामुळे मिठाची हद्द समुद्राकडे ढकलली जाते आणि वीजनिर्मितीच्या तासांप्रमाणे पुढेमागे होत राहते. गोड्या पाण्याला सोकावलेल्या जिवांना वरचा टप्पा मोकळा मिळतो, उन्हाळी खाऱ्या पाण्यावर विसंबलेल्यांचा मुलूख आक्रसतो. साठ वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. तीन पिढ्यांनी वाशिष्ठीची खाडी अशीच पाहिली, त्यामुळे हीच तिची मूळ प्रकृती असं आता सगळे धरून चालतात. कोकणातली एक अख्खी खाडी पूर्वेच्या एका नदीच्या पाण्यावर वेगळी घडली, ही माझ्या मते विसाव्या शतकात कोकणच्या निसर्गात घडलेल्या सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक गोष्ट आहे. कोयनेवर वीज, भूकंप आणि पुनर्वसन या अंगांनी पुष्कळ लिहिलं गेलं. कोयनेनं घडवलेल्या या खाडीवरही तेवढंच लिहिलं जायला हवं.

याला एक कायदेशीर बाजूही आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा, नियम खाडीच्या काठानं आत कुठपर्यंत लागू होतो? अधिसूचनेनं त्याची कसोटी मिठावरच ठेवली आहे : वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण हजारात पाच भाग असेल, तिथपर्यंत. बहुतेक खाड्यांना ही कसोटी बरोबर बसते, कारण कोरड्या काळात खार सर्वांत वर असते. पण ज्या खाडीत कोरड्या काळातच बाहेरचं गोडं पाणी सोडलं जातं, तिथे ही रेषा आपोआप समुद्राच्या बाजूला सरकते. भरतीचं पाणी पूर्वीइतकंच वर येतं, पात्र तेच, खाजण तेच, पण त्यातलं मीठ पातळ झालेलं असतं. शिवाय २०१९ च्या अधिसूचनेनं खाडीकाठचा संरक्षित पट्टा भरतीरेषेपासून १०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला आहे. खाडीची व्याख्या मिठानं करायची आणि मीठ ठरवणारं पाणी विजेच्या वेळापत्रकानं सोडायचं, ही विसंगती दूर करायला हवी.

मीठ आणखी एक काम करतं, तेही फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. नदी डोंगरातून माती आणते तेव्हा तिचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात. त्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. खारं पाणी लागलं की हा भार मारला जातो, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. खाडीतला तो गुडघाभर मऊ चिखल असा तयार होतो. तो कुठे बसणार हे मीठ कुठे भेटतं यावर बरंचसं ठरतं. चिखल बसेल तिथे कांदळ रुजणार, चिंबोऱ्यांची बिळं होणार, पाणपक्षी उतरणार. आणि त्या चिखलात फक्त माती नसते. जड धातू, रसायनं, तेलाचा अंश हे सगळं मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतं आणि त्यांच्याबरोबर तळाशी जातं.

म्हणून लोट्याचा प्रश्न नुसता सांडपाण्याचा नाही. लोटे-परशुराम ही रसायन उद्योगांची वसाहत परशुराम घाटाच्या वरच्या सड्यावर, खेड तालुक्यात आहे. तिथलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून करंबवणे खाडीकडे येतं. करंबवणे हा दाभोळ खाडीचाच भाग. मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगल्याच्या बातम्या इथून पुन्हा पुन्हा येत राहिल्या आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटानं २०११ साली अहवाल दिला, त्यात लोट्याचा विषय आहे. गाडगीळांनी पुढे अनेकदा एक हिशेब मांडला : वसाहतीत ११ हजार लोकांना काम मिळालं, पण खाडी बिघडून २० हजार मच्छीमारांचं काम गेलं. कारखान्यातली नोकरी हजेरीपटावर दिसते. काठावर उभं राहून पाग फेकणाऱ्या भोयाचं, किंवा ओहोटीला चिखलात उतरून टोपलीभर तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचं काम गेलं, तर त्याची नोंद कुठल्या दप्तरात होणार?

इथे एक गैरसमज खोडायला हवा. ‘खाडीत सोडलं की समुद्रात जातं’ असं सर्रास म्हटलं जातं. नदीच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे. खाडीत सोडलेलं पाणी ओहोटीनं काही किलोमीटर खाली जातं आणि सहा तासांनी भरतीबरोबर परत वर येतं. पुन्हा खाली, पुन्हा वर. असं हेलकावे खात ते समुद्रापर्यंत पोचायला कित्येक दिवस लागू शकतात, आणि तोवर त्यातला प्राणवायू खाणारा कचरा आपलं काम करत राहतो. भांगाच्या दिवसांत, उन्हाळ्यात, गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा मासे गुदमरतात. पाण्याचा रंग दोन दिवसांत निवळतो, पण चिखलात बसलेलं तिथेच राहतं. पात्रातला गाळ कधी यंत्रानं ढवळला की ते परत वर येतं. कालवं आणि तिसऱ्या तर पाणी गाळूनच अन्न मिळवतात, त्यामुळे गाळातलं सगळं त्यांच्या अंगात साठत जातं, आणि तिथून आपल्या ताटात येतं.

गाळाचं वरचं टोकही पाहायला हवं. सह्याद्रीच्या उतारावर झाडोरा तुटतो, रस्त्यांसाठी डोंगर उभे कापले जातात, जांभ्याच्या खाणींची माती उघडी पडते, आणि पहिल्या चार पावसांत हे सगळं नदीत येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अतिवृष्टी होती, भरती होती, आणि गाळानं उथळ झालेलं पात्रही होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिपळूणकरांनी गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं आणि मग गाळ उपसण्याच्या कामाला वेग आला. चिपळूणच्या लोकांची मागणी रास्त होती. घरात छातीभर पाणी सोसलेल्या माणसाला खाडीच्या परिसंस्थेचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पण वरून येणारी माती थांबवल्याशिवाय उपसा दरवर्षी करावा लागेल, हेही तितकंच खरं.

रेतीचा उपसा ही वेगळी गोष्ट. गाळ नको असतो म्हणून काढतात, रेती हवी असते म्हणून. पूर्वी हातपाटीवाले बुडी मारून पाटीनं रेती काढत, त्याला माणसाच्या दमाची मर्यादा होती. सक्शन पंपाला ती नाही. पंप रेतीबरोबर तळावरचे शिंपले, किडे, अंडी असं सगळं खेचतो आणि मागे खड्डा ठेवतो. खोल झालेल्या पात्रातून जड खारं पाणी तळाशी जास्त आत शिरतं, आणि काठाच्या विहिरी मचूळ होण्याचं ते एक कारण असतं. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यात रेती उपशावर बंदी घातली होती. नंतर तो परवानग्यांच्या चौकटीत आला. रात्री काय चालतं ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

माणसानं खाडीला हात लावणं म्हणजे प्रत्येक वेळी नासाडीच, असं मात्र नाही. कोकणातली खारजमीन माणसानं समुद्राकडून मिळवलेली आहे. मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला खार आत येऊ द्यायची नाही. गोव्यात याच शहाणपणाची मोठी व्यवस्था झाली, ती खाजण शेतीची. तिथल्या बांधांतल्या लाकडी दारांना मानस म्हणतात. ही दारं भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुटसारखं खार सोसणारं भात, भात निघाल्यावर त्याच शेतात खारं पाणी घेऊन मासे आणि कोळंबी. म्हणजे गोड्याचा हंगाम गोड्याला, खाऱ्याचा हंगाम खाऱ्याला. गावकीनं मिळून बांध राखायचे, हा त्याचा कणा. तो कणा मोडला तिथे बांध फुटले, शेतं पडीक झाली आणि त्यांत कांदळ उगवलं.

त्यामुळे कांदळवनाच्या आकड्यांकडेही जरा थांबून पाहायला हवं. २०२१ च्या वन सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे, आणि आधीच्या काही अहवालांपेक्षा हा आकडा वाढलेला आहे. याचं श्रेय २००५ चा उच्च न्यायालयाचा आदेश, २०१२ साली झालेला राज्याचा कांदळवन कक्ष आणि किनाऱ्यावरच्या अनेक कार्यकर्त्यांचं आहे, ते मनापासून द्यायला हवं. कांदळ लाटा अडवतं, काठ धरून ठेवतं, पिल्लांना आसरा देतं. तरीही आकडा वाढला म्हणजे खाडी सुधारली, असा निष्कर्ष मी काढणार नाही. काही ठिकाणी कांदळ वाढतं ते गाळ वाढला म्हणून, आणि बांध फुटून भातशेती गेली म्हणून. झाडं मोजणं सोपं असतं कारण ती उपग्रहातून दिसतात. पाण्यातलं मीठ, प्राणवायू आणि चिखलातलं विष उपग्रहातून दिसत नाही.

कोयनेचं अवजल मुंबईकडे किंवा कोकणात अन्यत्र न्यावं, असे प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. त्या चर्चेत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘हे पाणी समुद्रात वाया जातं.’ वाचकांनी निदान यापुढे हे वाक्य ऐकल्यावर थांबावं. खाडीत पोचलेलं गोडं पाणी जिताड्याला, कोळंबीला आणि कालवांना हंगाम सांगतं, चिखल कुठे बसेल ते ठरवतं, समुद्रातल्या मासेमारीला बी पुरवतं. याचा अर्थ जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं असा नाही. वाशिष्ठीत ते साठ वर्षं अवेळी आणि अति आलं. उद्या ते एकदम काढून नेलं तर साठ वर्षांत नव्यानं बसलेली घडी पुन्हा विस्कटेल, आणि लोट्याचं सांडपाणी पातळ करणारं पाणीही जाईल. म्हणून किती पाणी न्यायचं याच्या आधी खाडीला कुठल्या महिन्यात किती लागतं हे ठरलं पाहिजे, आणि तो आकडा प्रकल्पाच्या कागदावर पहिल्या पानावर लिहिला पाहिजे.

ते ठरवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पाण्यातलं मीठ मोजायचं साधन हातात मावतं. त्याच्या काचेवर दोन थेंब टाकून डोळ्याला लावलं की क्षारांचं प्रमाण दिसतं. दाभोळ ज्या तालुक्यात आहे त्या दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, खाडीच्या दोन्ही काठांवर शाळा आहेत. गोवळकोट, करंबवणे आणि दाभोळ या तीन जागी दर अमावास्येला आणि दर अष्टमीला, भरती पूर्ण झाल्यावर आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. नववीतली मुलं हे करू शकतात. काठावरच्या शिक्षकांनो, येत्या दिवाळीनंतर, पाणी निवळलं की सुरुवात करा. पहिल्या पानावर तारीख, तिथी, वेळ आणि त्या दिवशी कोयनेचं पाणी सुटलं होतं की नाही, एवढं लिहायला विसरू नका.